आबांच्या बाजूचा वेल

भित्र्या माणसानं बागकाम करू नये. केलंच तर आबांच्या शेजारी करू नये.

मी धारूरला शाळेत मास्तर आहे. गावाबाहेर नवीन प्लॉटिंग पडलं तेव्हा आम्हीही एक प्लॉट घेतला, घर बांधलं, मागं थोडी मोकळी जागा ठेवली. एक पेरू, एक कढीपत्ता, तुळस, कपडे वाळत घालायची दोरी, एवढाच थाट. भोवतीनं तारेचं कुंपण. आणि कुंपणाच्या पलीकडं आबा.

आबा कोण, हे धारूरात सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. आबांची जमीन पुष्कळ, आवाज मोठा आणि मिशा आवाजापेक्षा मोठ्या. कुठलीही निवडणूक असो, आबा एक तर स्वतः उभे असतात, नाही तर दुसऱ्या कुणाला तरी बसवत असतात. मला त्यांनी आजवर एक वावगा शब्द बोललेला नाही. पण घाबरायला वावगा शब्द कशाला लागतो? मी तर कुरिअरवाल्यालाही घाबरतो!

रोज सकाळी आबांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या जात. त्या नेमक्या आमच्या कुंपणाकडं तोंड करून, कारण सकाळची सावली त्या अंगाला. खेड्यापाड्यांतून लोक आपापली कामं घेऊन यायचे, आणि आबा आतून बाहेर येईपर्यंत करमणूक म्हणून आमच्याकडं बघत बसायचे. मी दात घासतोय, बघतायत. सुमन (म्हणजे माझी बायको) ज्वारी निवडतेय, बघतायत. एका सकाळी मी टॉवेलवर तुळशीला पाणी घालत होतो, तर पलीकडून गडगडाट झाला.

"का मास्तर, आज अंगुळीला उशीर?"

सगळ्या खुर्च्यांची तोंडं माझ्या टॉवेलाकडं वळली.

"न्हाई आबा... झाली आबा... आता करतो आबा!" अशी तिन्ही उत्तरं मी एका दमात दिली आणि घरात पळालो. एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात टॉवेलाची गाठ धरून पळताना माणसाची जी शोभा होते, ती सगळ्या तालुक्यानं पाहिली.

सुमननं त्याच दिवशी विषय काढला.

"मला केस वाळवायला उन्हात बसता येत न्हाई. सासूबाईंना अंगणात पाय पसरता येत न्हाईत. एक तर आबांना सांगा, न्हाई तर भिंत घाला."

"आबांना काय सांगू? तिकडं बघू नका म्हणून?"

"मग भिंत घाला."

"अगं, भिंत म्हटली की मोजणी आली. मोजणी म्हटली की हद्द आली. आणि हद्दीत फूटभर जरी फरक निघाला तर आबा म्हणतील, मास्तर, ही फूटभर आपली हाय."

"मग तुमी काय म्हणाल?"

"मी म्हणेन, फूटभर कशाला, दोन फूट घ्या की."

सुमननं माझ्याकडं नुसतं बघितलं. लग्न झाल्यापासून ती अधूनमधून असं बघते.

"मग येल लावा," ती म्हणाली. "येलाला मोजणी लागत न्हाई."

झालं! घरात वेलांची निवडणूक लागली.

सुमनची उमेदवार जुई. फुलं नाजूक, वास गोड, सगळं खरं. पण जुई कुंपणाच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत माझी पेन्शन सुरू झाली असती. मायचा (म्हणजे माझ्या आईचा) पाठिंबा दोडक्याला आणि गिलक्याला. "चार महिन्यांत झाकतंय आन भाजी बी व्हती," असा तिचा रोकडा हिशेब. मी विचार केला, अर्धी गिलकी पलीकडं लोंबणार. मग ती कुणाची? आणि ती मागायला कोण जाणार? गिलकं बाद. शाळेतले एक सहकारी म्हणाले, मधुमालती लाव, झपाट्यानं जाते. ते ऐकून मायनं कानाला हात लावले.

"वासाचा येल दारात नको. वास आला की नाग आला!"

"माय, असं काही नसतं."

"तुला काय म्हाईत? तुला लहानपणी गांडूळ दिसलं तरी दातखीळ बसायची."

मधुमालती बाद. बोगनवेल फार जोमानं येते, पण तिला काटे. आबांचं वासरू कुंपणाशी अंग घासतं. त्याला काटा रुतला तर? बोगनवेलीचं डिपॉझिट जप्त! गारवेल लावली तर ती कुंपण, घर, शाळा असं करत गावच्या किल्ल्यापर्यंत जाते, असं मोबाइलवरच्या एका व्हिडिओत एक बाई हसत हसत सांगत होत्या. मला त्या हसण्याची भीती वाटली. मनी प्लांट आमच्या उन्हात पापडासारखा भाजला. थोडक्यात, ज्या वेलाला मी घाबरत नाही असा वेलच सापडेना.

उन्हाळ्यात सुमनचा भाऊ आला, म्हणून त्याला किल्ला दाखवायला घेऊन गेलो. तिथं एका पडक्या भिंतीवर मला माझा वेल भेटला. होता वाळलेला, पण सगळी भिंत त्यानं अशी पांघरली होती की दगड दिसत नव्हता. शेंगा केव्हाच फुटून झडून गेलेल्या. खाली मातीत काळ्या चकचकीत बिया पडल्या होत्या, वालासारख्या टपोऱ्या.

"दाजी, कशाचं बी असंल वो हे?" मेव्हण्यानं विचारलं.

"कशाचं का असेना! दगडावर येतंय, बिनपाण्याचं येतंय, म्हणजे तारेवर तर पळतच येईल."

"कुणाला तरी विचारा की."

पण विचारायचं म्हणजे अनोळखी माणसाशी बोलायचं! मी बिया रुमालात बांधल्या आणि घरी आणून पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणाच्या कडेनं टोकल्या. मायनं पहिली पानं बघितली आणि म्हणाली, "घेवडा दिसतोय." ती खूश झाली. पण पुढं जे झालं त्याला वाढणं म्हणत नाहीत. त्याला चाल करून येणं म्हणतात.

सकाळी तारेच्या खालच्या ओळीत असलेला शेंडा शाळेतून येईपर्यंत वरच्या ओळीत. पोळ्यापर्यंत कुंपण गायब. नवरात्रापर्यंत पेरू गायब. एकदा सुमन कपडे काढायला गेली तर माझ्या पायजम्याच्या दोन्ही पायांतून वेल आरपार गेलेला. ती तिथूनच ओरडली, "अहो, तुमचा पायजमा न्हेला त्यानं!" मग जांभळ्या फुलांचे घोस लागले, द्राक्षांसारखे लोंबते. काय रूप होतं! सुमन पहिल्यांदा अंगणात केस मोकळे सोडून बसली. मायनं पाय पसरले. मी टॉवेलवर उगाचच दोन फेऱ्या मारल्या.

आबांनाही वेल आवडला. इतका आवडला, की त्याच्या दाट सावलीसाठी त्यांनी खुर्च्या आणखी जवळ आणल्या. अगदी वेलाला पाठ टेकून! म्हणजे आता आम्ही दिसत नव्हतो, पण आमच्या कुकरची शिट्टी झाली तरी पलीकडून कुणीतरी म्हणायचं, "मास्तरकडं डाळ शिजली."

आणि पलीकडचं सगळं आम्हाला ऐकू यायचं. इथं खरी फजिती सुरू झाली. दिसणारे आबा बोलताना अधूनमधून हसायचे, पानाला चुना लावायचे, कुणाच्या तरी पोराच्या डोक्यावर हात ठेवायचे. न दिसणाऱ्या आबांचा फक्त आवाज! त्या आवाजात "चहा घे बे" हे वाक्यसुद्धा मला धमकीसारखं ऐकू यायचं.

थंडी पडली. फुलं गेली, शेंगा लागल्या, त्याही ऊन लागणाऱ्या आमच्याच अंगाला. वाकड्या, जाडसर, अंगावर सोनेरी मखमल. "मांजराच्या पिल्लावानी दिसत्यात," सुमन म्हणाली. त्याच सुमाराला माझ्या बनियनला खाज सुटायला लागली. मी धुण्याची पावडर बदलली. मग साबण बदलला. मग बनियन बदलला. दवाखान्यात दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेता का?" मी म्हटलं, "घेतो." ते म्हणाले, "मग त्याचंच आहे."

टेन्शन होतंच. कारण त्याच आठवड्यात मी पेरूखाली उभा असताना पलीकडून आवाज आला. आबा आपल्या बाळूला, म्हणजे त्यांच्या उजव्या हाताला, सांगत होते.

"बाळ्या, त्या मास्तरला उचला."

माझ्या हातातली पेरूची फांदी हातातच राहिली.

"पर आबा, मास्तर लाजाळू माणूस. न्हाई म्हणला तर?"

"न्हाई कसा म्हणतो? उचलायचा आन समद्यांच्या म्होरं उभा करायचा. बोलतोय मग आपोआप!"

मी घरात आलो, दाराला कडी लावली आणि सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी काय केलं?" हाच प्रश्न मी स्वतःला विचारत होतो. एकदा मतदानाच्या रांगेत मला आबांच्या विरोधातल्या माणसानं चहा पाजला होता. तो मी पूर्ण प्यालोही नव्हतो! तेवढ्यात दारावर थाप पडली. बाळू.

"मास्तर, आबानी बलावलंय. आत्ताच्या आत्ता."

मी मायच्या पाया पडलो. सुमनला म्हटलं, "जातो." मी "येतो" म्हणालो नाही, हे तिच्या लक्षातच आलं नाही. माय म्हणाली, "येताना कोथिंबीर आण."

आबा खुर्चीत बसले होते. मला बघताच म्हणाले, "या मास्तर! आपला वाडदिवस हाय रविवारी. जिल्ह्याचे मोठे पावणे येणार हाइत. माईक तुमी धरायचा. ते सूत्रसंचालन का काय म्हणत्यात ते. तुमचं मराठी चांगलं हाय असं ऐकतो."

मी होकार द्यायला मान हलवली, तर मानेबरोबर सगळाच हललो. घरी आलो, तर सुमन दारातच. "काय झालं?" मी म्हटलं, "उचललं." आणि कोथिंबीर विसरलो म्हणून मायचं बोलणं खाल्लं.

एक भीती गेली की दुसरी रांगेत उभीच असते. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी माय धापा टाकत आत आली.

"सुमे! आरं ऐकलं का! येलात जनावर हाय! मी शेण्या घ्यायला गेलते तर आतनं फुस्सऽऽ केलं!"

"माय, पाइपातनं हवा आली असंल," मी पलंगावर उभा राहून म्हणालो. (पलंगावर कधी चढलो ते आठवत नाही.)

"घोणस हाय, घोणस! कुकरावानी आवाज करती ती."

सुमन धीराची. ती काठी घेऊन गेली, वेलापासून लांब उभी राहून पानं हलवली. फुस्सऽऽ! ती जितक्या हळू गेली होती त्याच्या दसपट वेगानं परत आली.

त्या दिवसापासून आमचं परसदार बंद. कपडे घरात वाळायचे. मी बाथरूमला जातानासुद्धा पाय आपटत जायचो. बाथरूम घरातच होतं तरी! ओळखीनं एका सर्पमित्राचा नंबर मिळवून फोन केला. तो शेतावर होता.

"आधी फोटो पाठवा," तो म्हणाला.

मी खिडकीच्या गजातून फोटो काढून पाठवला. त्याचा परत फोन. "सर, यात नुसती पानं हाइत."

"साप आतमध्ये आहे."

"मग त्याला जरा बाहेर येऊ द्या, आन तवा फोटो काढा."

आता रविवार तोंडावर आलेला. सुमन म्हणाली, "आबांना सांगा. त्यांची माणसं येलाला टेकून बसत्यात. कुणाला डसलं तर?" खरंच होतं. सांगितलं नाही आणि चावलं, तर आबा मला सोडणार नाहीत. सांगितलं आणि कार्यक्रम बिघडला, तरी सोडणार नाहीत. शेवटी मन घट्ट केलं आणि गेलो. बघतो तर वेलाला अगदी लागून स्टेज बांधत होते!

"मास्तर!" आबा लांबूनच गरजले. "काय येल हाय तुमचा, झक्कास! म्हणलं मागं कापड कशाला लावायचं, ह्योच पडदा. पावण्याला बी कळू द्या, आमच्याकडं काय हिरवळ हाय!"

"आबा, मला एक सांगायचं होतं..."

"सांगा की!"

आबांच्या मिशा थांबल्या. बाळू थांबला. खिळे ठोकणारे थांबले.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा," मी म्हणालो.

"आरं, त्या रविवारी द्या!"

रविवारी सकाळी अंगण भरून माणसं. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले पाहुणे मधल्या खुर्चीवर, शेजारी आबा, गळ्यात झेंडूचा एवढा मोठा हार की मिशा त्यातच संपल्या होत्या. आणि माईक कुठं? वेलापासून हातभर अंतरावर. म्हणजे माझं तोंड लोकांकडं आणि पाठ घोणशीकडं. मी पायात शाळेचे बूट, आत मोजे, मोज्यात खोचलेली पँट अशा वेशात उभा. मायनं खिशात हळदीची पुडी घातली होती. सुमन आमच्या गच्चीवरून बघत होती, खुणेनं म्हणत होती, पुढं सरका! मी माईकसकट पुढं सरकायचो, की साउंडवाला येऊन माईक मागं न्यायचा. वायर पुरत नव्हती म्हणे.

मी सुरुवात केली. "सन्माननीय व्यासपीठ..." आवाज इतका थरथरत होता की समोरच्या रांगेतली एक म्हातारी पदर डोळ्याला लावून म्हणाली, "बिचाऱ्याचा लई जीव हाय आबावर." पाहुण्यांचा सत्कार झाला. आबांचा सत्कार झाला. आता दोन वाक्यं बोलून खाली उतरायचं, एवढ्यात पाहुण्यांना शाल द्यायला बाळू मागच्या बाजूनं, वेलाला अंग घासत आला. आणि...

फुस्सऽऽऽ!

माईकमधून! दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून! सगळ्या प्लॉटिंगभर फुस्स घुमलं.

लोकांना वाटलं साउंडवाल्याचं काही बिघडलं. हा क्षण असाच निघून गेला असता, आणि मी आज एक साधा सुखी माणूस असतो. पण माझ्या तोंडून शब्द निघून गेला, तोही माईकमध्ये.

"साऽऽप!"

पुढं काय झालं ते नीट सांगता येत नाही, कारण मी तेव्हा पाहुण्यांच्या खुर्चीवर उभा होतो. (पाहुणेही त्याच खुर्चीवर होते.) बायका एका अंगाला, माणसं दुसऱ्या अंगाला, जिलेबीची परात मधल्यामध्ये. आबा तेवढे जागचे हलले नाहीत. ते गरजले, "पळता कावून बे! काठ्या घ्या! झोडपा!"

आणि माणसांनी वेल झोडपायला सुरुवात केली. काठ्या, बांबू, स्टेजच्या फळ्या, मिळेल ते. पानं उडाली, फांद्या तुटल्या, वाळलेल्या शेंगा तडतड फुटल्या. त्यांच्यातून सोनेरी धूळ उठली, सकाळच्या उन्हात चमचमली आणि अक्षता पडाव्यात तशी सगळ्यांच्या डोक्यावर हळूहळू उतरली. आबांवर, पाहुण्यांवर, शालीवर, हारावर, माझ्यावर. क्षणभर फार सुंदर दिसलं ते.

मग पाहुण्यांनी मान खाजवली.

मग आबांनी मान खाजवली. मग बाळूनं दोन्ही दंड. मग स्टेज, मग पहिली रांग, मग दुसरी. बघता बघता सगळी सभा खाजवायला लागली. माझ्या कॉलरमध्ये कुणीतरी लाल मुंग्यांचं वारूळ ओतल्यासारखं झालं.

"आबा!" बाळू किंचाळला. "त्यानं फुस्स केलं तवाच सोडलं! इख हवेतनं आलंय!"

आता मात्र रडारड सुरू झाली. कुणी देवाचं नाव घेतंय, कुणी बायकोचं. पाहुणे घामाघूम होऊन ड्रायव्हरला हाका मारतायत, आणि ड्रायव्हर गाडीच्या काचा वर करून आत बसलाय. आणि आबा! ज्यांच्या आवाजानं माझा टॉवेल सुटायचा ते आबा मटकन खाली बसले आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. तो हात थंडगार होता.

"मास्तर," ते पुटपुटले, "मी जातो का काय आता? लई जळजळ व्हतीय वो. लेक पुण्यात हाय, तिला फोन लावा."

मी आबांना इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. त्यांचे डोळे अगदी माझ्यासारखे होते, आरशात भ्यालेले दिसतात तसे. मला रडूच आलं.

"आबा, काही होत नाही तुम्हाला," मी म्हटलं. "आणि झालं तर मी सोबत आहेच. मलापण चढतंय."

नेमकी त्याच वेळी तुटलेल्या फांद्यांतून एक भली थोरली मांजरी बाहेर आली. तोंडात मानेला धरलेलं पिल्लू. तिनं स्टेजवरच्या सगळ्या मान्यवरांकडं एक तिरस्काराची नजर टाकली, पिल्लू खाली ठेवलं, सावकाश "फुस्सऽऽ" केलं, पिल्लू पुन्हा उचललं आणि आबांच्या गोठ्याकडं निघून गेली. तिला मात्र कसलीच खाज नव्हती. (अंगभर केस असण्याचे फायदे!)

आता फक्त खाजवण्याचा आवाज.

आबांनी गळ्यातल्या हारात अडकलेली एक फुटकी शेंग काढली. तिच्याकडं बघितलं. मग वेलाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"मास्तर, ह्यो येल तुमी लावला?"

"हो, आबा."

"बी कुठनं आणलं?"

"किल्ल्यावरनं, आबा."

"ह्याला काय म्हणत्यात म्हाईत हाय का तुमाला?"

"न्हाई, आबा. माय घेवडा म्हणती."

"घेवडा?" आबा उभे राहिले. माईक अजून चालूच होता. "आरं, ही खाजकुयली हाय! खाऽऽजकुयली!"

सगळ्या प्लॉटिंगला कळलं. कुंपणाच्या फटीतून मायचा आवाज आला, "आगं बया! डोळ्याम्होरं व्हती तरी म्या न्हाई वळखली! आरं पाणी लावू नका, आणखी पसरंल! शेण लावा, शेण!"

आणि मग सन्माननीय व्यासपीठ जसंच्या तसं आबांच्या गोठ्यात हललं. शेण अंगाला फासायचं, वाळू द्यायचं, आणि ओढून काढायचं, म्हणजे बारीक कुसं त्याच्याबरोबर निघतात. पाहुणे आधी नको नको म्हणाले. "मला पुढे दोन कार्यक्रम आहेत," असं सांगत राहिले. पण पाठीकडं हात पोहोचेना तेव्हा त्यांनी मुकाट्यानं सदरा काढला. म्हशीच्या एका बाजूला पाहुणे, दुसऱ्या बाजूला बाळू, आणि गव्हाणीवर मी आणि आबा शेजारी शेजारी, गळ्यापर्यंत शेणात. बायकांची सोय मायनं आमच्या घरात केली होती, तिथून ओरडणं आणि हसणं दोन्ही ऐकू येत होतं.

आबा दंडावर शेण थापत होते. मी मनातल्या मनात बदलीचं गाव निवडत होतो. जिल्ह्याच्या बाहेरचंच बरं, असं ठरत आलं होतं.

"मास्तर," आबा शेवटी म्हणाले, "पर लावला कावून एवढा येल?"

शेण फासलेल्या माणसाला खोटं बोलता येत नाही. मी सगळं सांगितलं. खुर्च्या, टॉवेल, सुमनचे केस, मोजणी, हद्द, सगळं.

आबा माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या मिशीतलं शेण वाळून तडकलं, कारण ते हसत होते.

"आवो, मग सांगायचं न्हाई का? खुर्च्या तेवढ्या त्या अंगाला फिरवल्या असत्या!"

"मला भीती वाटली, आबा."

"आमची?" ते थांबले, मग हळूच म्हणाले, "आन म्या काय केलतं म्हाईत हाय? शाळेत असताना हीच कुयली मास्तरच्या खुर्चीवर टाकलीती. लई नाचला बिचारा. मग आमच्या बापानं आमाला लई नाचवलं. तवापासनं मास्तर दिसला की मला भ्याच वाटतं. म्हणून तर लांबनंच मोठ्यानं बोलतो तुमच्याशी."

म्हशीपलीकडून पाहुण्यांनी विचारलं, "हे किती वेळ ठेवायचं?"

दुसऱ्या दिवशी आबांची माणसं रेनकोट घालून, तोंडाला उपरणी गुंडाळून आली आणि सगळा वेल मुळासकट खणून, दूर खड्ड्यात पुरून गेली. खुर्च्या फिरल्या. तिथं आता सुमननं जुई लावली आहे. ती आत्ताशी गुडघ्याएवढी आहे. मांजरीची पिल्लं आमच्याकडंच वाढतात.

पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. बाजारात, बसस्टँडवर, किराणा दुकानात तिचं रूप बदलत गेलं. आबांच्या विरोधातला एक गडी परवा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, दिसता गरीब, पर लई डेरिंग तुमची! आबाच्या वाडदिवसाला, आबाच्या अंगणात, आबाच्याच स्टेजवर, पावण्यासकट समद्यांना नाचवलं, आन वरनं माईकवर उभं राहून बघितलं! आख्ख्या तालुक्यात असला वाघ न्हाई."

मला कुणी वाघ म्हणायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. मी नाही म्हटलं नाही. नुसता गंभीर चेहरा करून गूढ हसलो.

मात्र हसायच्या आधी, आबा कुठं जवळपास नाहीत ना, हे मागं वळून दोनदा बघून घेतलं.